घारापुरींत नसलेला मासा
(आकाशवाणीवरील भाषण)



अमेरिकेंत १८५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी कादंबरीच्या पंचावन्नाव्या प्रकरणांत आपल्या घारापुरीच्या लेण्यांचा उल्लेख आला आहे. कादंबरीचें नांव 'मोबी डिक', लेखक हर्मन मेल्व्हिल. चित्रकारांनीं व मूर्तिकारांनीं देवमाशाच्या आकृतीची आजवर कशी विटंबना केली आहे याचा खुसखुशीत समाचार घेतां घेतां लेखक म्हणतो कीं, देवमाशाची सर्वांत जुनी प्रतिमा कोठें असेल तर ती हिंदुस्थानांतील एलिफंटा येथील प्रसिद्ध गुहेंत होय. तेथें भिंतीच्या एका स्वतंत्र भागांत विष्णूचा मत्स्यावतार कोरलेला आहे. ती मूर्ति अर्धी मनुष्याची व अर्धी देवमाशाची आहे. परंतु तिचें शेपूट देवमाशाच्या रुंद शेपटासारखें नसून एखाद्या अजगराच्या निमुळत्या शेपटासारखें झालें आहे, असा त्याचा आक्षेप आहे.

ज्यांनीं घारापुरीचीं लेणीं डोळसपणें पाहिलीं आहेत त्यांस हें वाचून नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेलें तें महालेणें सर्वस्वी शिवाचें आहे. समोर तीन मुखांचा भव्य सदाशिव. भोंवतीं अर्धनारीश्वर, गंगाधर, नटराज, योगीश्वर, अंधकासुराचा वध, शिवपार्वतीचें लग्न आणि कैलास हालविणारा रावण. विष्णु तेथें येतो तो गरुडावर बसून, इतर देवांबरोबर, पाहुणा म्हणून. मत्स्यावतार त्या भिंतींवर कोठेंहि नाहीं. मग न कोरलेल्या मूर्तीच्या शेपटावर या अमेरिकन गृहस्थानें टीका केली ती कशाच्या आधारावर?

मेल्व्हिल हिंदुस्थानांत कधींच आला नव्हता. थॉमस मॉरिस नांवाच्या एका इंग्रज पाद्री-पंडितानें अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या प्राचीन धर्माविषयीं व इतिहासाविषयीं जाड जाड ग्रंथ लिहिले. त्यांत घारापुरीचें वर्णन आहे आणि माशाच्या शरीरांतून वर निघालेल्या विष्णूचें चित्रहि आहे. या दोहोंची सांगड कादंबरीकाराच्या मनांत बसली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे, आणि तो मला पटतो. वर्गांत असें उत्तर आलें असतें तर मीं लाल रेघ ओढून मोकळा झालों असतों. परंतु कादंबरीकाराच्या वहीवर लाल रेघ ओढून आपल्या हातीं कांहींच लागत नाहीं. या मनुष्यास आपल्या ग्रंथांत हिंदूंचा मासा हवाच होता, तो कां हवा होता, आणि त्यानें त्याचें काय केलें, हें पाहण्यासारखें आहे.

आमच्या ठाणें-कल्याणच्या लोकांनीं तर तें अगत्यानें पाहावें. उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीच्या कडेनें वाहत येते आणि ठाण्याच्या उत्तरेस तिच्या पाण्यास दोन वाटा फुटतात. मोठी वाट घोडबंदरावरून वसईच्या समुद्रास मिळते. वसईच्या उत्तरेस जवळच प्राचीन सोपारा. दुसरी, अरुंद, ठाण्याच्या पूर्वेकडून दक्षिणेस वळते आणि रुंद होत होत मुंबई बंदरांत शिरते, तेथें घारापुरी. ही कादंबरी आपणांस या दुसऱ्या वाटेनें घेऊन जाते. मला मात्र आज परत फिरून पहिल्या वाटेनेंहि जावयाचें आहे, कारण तेथें एक अशी समुद्रकथा आहे कीं जी या कादंबरीशेजारीं ठेवून वाचली पाहिजे.

प्रथम कादंबरीचा इतिहास. मेल्व्हिल १८१९ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मला. बाप कर्जांत वारला, शिक्षण अर्धवट राहिलें, आणि १८४१ च्या जानेवारींत वयाच्या एकविसाव्या वर्षीं तो 'अकुश्नेट' नांवाच्या देवमासे मारणाऱ्या जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला. त्या काळीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नँटुकेट व न्यू बेडफर्ड हीं गांवें या धंद्यावर गबर झालीं होतीं. खनिज तेल अद्याप घरोघर आलें नव्हतें. दिवे जळत ते देवमाशाच्या तेलावर आणि उत्तम मेणबत्त्या होत त्या त्याच्या डोक्यांतील मेणाच्या. १८४६ च्या सुमारास अमेरिकेचीं सातशेंहून अधिक जहाजें या शिकारीवर होतीं. एकेक सफर तीन-तीन, चार-चार वर्षांची.

त्या खलाशांच्या तोंडीं दोन गोष्टी फिरत असत. दोन्ही खऱ्या. पहिली 'एसेक्स' जहाजाची. नँटुकेटचें हें जहाज २० नोव्हेंबर १८२० रोजीं प्रशांत महासागराच्या मध्यभागीं एका प्रचंड देवमाशानें डोक्याच्या दोन धडकांनीं फोडलें. वीस माणसें लहान होड्यांत उतरलीं. नरभक्षकांच्या भयानें त्यांनीं जवळचीं बेटें टाळलीं आणि हजारों मैल दूरच्या दक्षिण अमेरिकेचा मार्ग धरला. परंतु भुकेनें शेवटीं त्यांसच आपल्या मृत सोबत्यांचें मांस खावें लागलें. आठ जण जगले. जहाजाचा दुय्यम अधिकारी ओवेन चेस यानें १८२१ सालीं ही हकीकत छापली, आणि पुढें वीस वर्षांनीं त्याच चेसच्या मुलानें भर समुद्रांत तें पुस्तक तरुण मेल्व्हिलच्या हातीं दिलें. जेथें तें जहाज फुटलें त्याच महासागराच्या लाटांवर बसून त्यानें तें वाचलें.

दुसरी गोष्ट 'मोचा डिक' या माशाची. चिली देशाच्या किनाऱ्याजवळ मोचा नांवाचें बेट आहे. त्याच्या आसपास एक पांढरा, म्हातारा नर देवमासा अनेक वर्षें शिकाऱ्यांस दाद देत नव्हता. जेरेमाया रेनॉल्ड्स यानें १८३९ सालीं न्यूयॉर्कच्या एका मासिकांत त्याची कथा लिहिली. नांवांतील एक शब्द बदलून मेल्व्हिलनें तोच मासा आपल्या कादंबरींत सोडला. आणि येथें दैवाची एक विचित्र लहर पाहा. १८५१ च्या ऑगस्टांत, कादंबरी छापखान्यांत असतां, 'ॲन अलेक्झांडर' नांवाचें आणखी एक जहाज देवमाशानें बुडविलें. आणि ती वार्ता अमेरिकेंत पोहोंचली ती पुस्तक बाहेर पडण्याच्या सुमारास. आपल्या लेखणीनेंच हा राक्षस जागा झाला कीं काय, अशा अर्थाचें मेल्व्हिलनें मित्रास लिहिलें.

एवढें होऊनहि पुस्तक चाललें नाहीं. लंडनच्या आवृत्तींत शेवटचें छोटें प्रकरण गळालें; त्यामुळें जहाजावरील सर्व माणसें बुडालीं तर ही कथा सांगतो कोण, असें टीकाकार विचारूं लागले. अमेरिकेंत त्याच्या हयातींत साडेतीन हजार प्रतीदेखील खपल्या नाहींत. पुढें तो न्यूयॉर्कच्या जकात कचेरींत नोकरी करीत राहिला आणि १८९१ सालीं जवळ जवळ विस्मृतींत वारला. जन्मशताब्दीनंतर, १९२० च्या पुढें, लोकांस त्याची आठवण झाली.

कथा थोडक्यांत अशी. 'पीक्वॉड' जहाजाचा कप्तान एहाब याचा एक पाय मोबी डिकनें तोडून नेला आहे. देवमाशाच्या हाडाचा पाय लावून तो पुन्हां निघतो; मालकांस तेल हवें, खलाशांस पगार हवा, पण त्यास हवा तो एकच मासा. जगाचे तीन महासागर पालथे घालून शेवटीं गांठ पडते. तीन दिवस पाठलाग चालतो. तिसऱ्या दिवशीं मासा जहाज फोडतो आणि इश्माएल नांवाचा एक खलाशी तेवढा वांचतो, तोहि आपल्या मित्रासाठीं केलेल्या शवपेटीच्या आधारावर तरंगत.

येथील एकहि नांव सहज ठेवलेलें नाहीं. एहाब हा बायबलांतील परमेश्वराविरुद्ध गेलेला राजा. इश्माएल हा अब्राहामानें आईसह रानांत घालवून दिलेला मुलगा. 'पीक्वॉड' हें उत्तर अमेरिकेंतील एका मूळच्या जमातीचें नांव; गोऱ्या वसाहतवाल्यांनीं १६३७ च्या युद्धांत तिची कत्तल केली. मेल्व्हिल ती जमात नामशेष झाली असें समजतो. वस्तुतः तिचे वंशज आजहि आहेत. मरणाऱ्यांचें नांव जहाजास देऊन त्यानें जहाजाची कुंडली आधींच मांडून ठेवली. आणि माशाचा तो पांढरा रंग! पांढरेपणा कां भिववितो यावर त्यानें एक संपूर्ण प्रकरण खर्च केलें आहे. आपल्याकडे शुभ्र म्हटलें कीं सरस्वती, दूध, हिमालय. पण विधवेचें वस्त्र आणि प्रेतावरील चादरहि पांढरीच, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें म्हणणें परकें वाटत नाहीं. एहाबला त्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीमागें साऱ्या जगाचें वैर दडलेलें दिसतें; शेजारच्या खलाशास तिथें नुसतें तेल दिसतें. प्रत्येकास आपापला मासा दिसतो, आणि मासा मात्र कोणासच कांहीं सांगत नाहीं. माझ्या मतें या कादंबरीचें खरें बळ यांत आहे. मधलीं देवमाशाच्या हाडांचीं व चरबीचीं प्रकरणें कंटाळवाणीं आहेत हें कबूल. पण तीं गाळून वाचणारास शेवटच्या तीन दिवसांचें वजन कळणार नाहीं.

आतां आपल्या शेजाऱ्याकडे वळूं. एहाबनें जहाजाच्या पोटांत गुपचूप एक खास होडी व तिचे नावाडी लपवून आणले आहेत, आणि त्यांचा मुख्य आहे एक पारशी! फेडाला हें त्याचें नांव. डोक्यास स्वतःच्याच पांढऱ्या केसांचें फेट्यासारखें वेटोळें, मुद्रा भयंकर, झोंप नाहीं, बोलणें नाहीं. खलाशी त्यास प्रत्यक्ष सैतान समजतात. तो एहाबचें भविष्य सांगतो: तुला मारील तो केवळ तागाचा दोर. विजांचें तांडव होतें त्या रात्रीं एहाब सांगतो कीं, आपणहि पूर्वी पारशी लोकांप्रमाणें अग्नीची पूजा केली होती आणि त्या पूजेंतच भाजलों.

हें पात्र मला साफ पसंत नाहीं. पहिली गोष्ट, फेडाला हें नांव अरबी वळणाचें आहे. फरामजी किंवा नसरवानजी यांच्या घरांत तें शोभणार नाहीं. दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे, त्या काळच्या खऱ्या पारशाचें समुद्राशीं नातें अगदीं निराळें होतें. ज्या संजाण बंदरीं त्यांचे पूर्वज उतरले अशी परंपरा आहे, तें १९६० पर्यंत आमच्याच ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आलेले लवजी नसरवानजी वाडिया व त्यांचे वंशज यांनीं मुंबईच्या गोदींत सागवानी जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ सालचें 'ट्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. खुद्द अमेरिकनांस हे लोक अनोळखी नव्हते. सेलम बंदराचे व्यापारी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईस येत, त्यांचे दलाल पारशी असत, आणि त्यांतील एक, नसरवानजी माणेकजी वाडिया, यांची तसबीर सेलमच्या संग्रहालयांत आहे. मेल्व्हिलच्या देशबांधवांनीं ज्यांच्या शब्दावर हजारोंचा माल सोडला, त्यांच्याच जातीचा सैतान त्यानें रंगविला, कारण त्यास हिशेबाच्या वहींतला पारशी नको होता. जुन्या ग्रंथांतला, काळोखांत आगीपुढें बसलेला पारशी हवा होता. घारापुरीच्या बाबतींत झालें तेंच येथें झालें आहे. फरक इतकाच कीं दगडास त्याचें दुःख होत नाहीं.

माशाचें मात्र तसें झालेलें नाहीं. तेथें त्यानें कांहीं तरी खरें पकडलें. ब्याऐंशींव्या प्रकरणांत तो आपल्या धंद्याच्या कुळींतील थोर पुरुष मोजूं लागतो: समुद्रराक्षसास मारणारा ग्रीकांचा पर्सियस, सेंट जॉर्ज, हर्क्युलिस, माशाच्या पोटांत राहिलेला योना, आणि शेवटीं, सर्वांचा मुकुटमणि म्हणून, आपला विष्णु! ज्यानें देवमाशाचें रूप घेऊन तळ गांठला आणि बुडालेले वेद वर आणले, तो या धंद्यांतला नव्हे तर कोण, असा त्याचा विनोदी युक्तिवाद आहे. विनोद खरा; पण इतर सारे वीर एक तर माशास मारतात, नाहीं तर माशाकडून गिळले जातात. विष्णु तेवढा स्वतःच मासा होतो. हा भेद मेल्व्हिलनें जाणूनच यादीच्या टोंकाशीं ठेवला असावा.

परंतु त्यानें घेतली ती अर्धी कथा. उरलेली अर्धी अधिक जुनी आहे. शतपथ ब्राह्मणांत मनु सकाळीं हात धूत असतां ओंजळींत एक चिमुकला मासा येतो आणि म्हणतो, मोठे मासे मला खातील, माझें रक्षण कर. मी तुझें करीन. मनु त्यास मडक्यांत ठेवतो, मग खड्ड्यांत, मग समुद्रांत सोडतो. प्रलय येतो तेव्हां तो मासा परत येतो. मनु आपल्या नौकेचा दोर त्याच्या शिंगास बांधतो, आणि मासा नौका ओढीत उत्तरेच्या पर्वताकडे नेतो. या जुन्या कथेंत विष्णूचें नांव नाहीं. तें पुराणांनीं मागाहून घातलें, भागवतांत दोराच्या जागीं वासुकि नाग आला, आणि वेद चोरणारा हयग्रीवहि आला. मूळ गाभा एवढाच: एक मासा, एक होडी आणि मधला दोर.

आतां 'मोबी डिक'मधला दोर आठवा. साठाव्या प्रकरणांत लेखक केवळ त्या दोराचेंच वर्णन करतो. दोनशें वांवांहून अधिक लांब, होडींत गुंडाळून ठेवलेला, प्रत्येक वल्हेकऱ्याच्या अंगाभोंवतीं वेढे घेत गेलेला. भाला लागला कीं मासा तो दोर विजेच्या वेगानें ओढतो, आणि एखाद्याचा हात वा मान त्यांत अडकली तर तो मनुष्य क्षणांत नाहींसा होतो. सगळीच माणसें जन्मापासून अशा दोराच्या वेढ्यांत बसलेलीं असतात, असेंहि तो म्हणतो. शेवटच्या दिवशीं एहाब भाला फेंकतो, दोर अडकतो, तो सोडविण्यास वांकतो, आणि त्याच दोराचा फांस गळ्यास बसून तो होडीबाहेर खेंचला जातो. मनूच्या हातींहि दोर होता. पण तो त्यानें शिंगाला बांधला होता, अंगांत रोवलेल्या भाल्याला नव्हे. आणि त्यापूर्वी त्या माशास त्यानें मडक्यांत वाढविलें होतें.

मेल्व्हिलला मनूची ही होडी ठाऊक असती तर त्यानें ती आपल्या ग्रंथांत कोठें ठेवली असती, हा विचार मला अनेकदां सुचतो. आणि त्याहूनहि, त्याला सोपाऱ्याचा कप्तान भेटावयास पाहिजे होता असें वाटतें. म्हणून आतां उल्हासच्या त्या पहिल्या वाटेनें जाऊं.

पालि जातकसंग्रहांतील ४६३ वें जातक 'सुप्पारक जातक' म्हणून प्रसिद्ध आहे. भरुकच्छ, म्हणजे भडोच, येथें खलाशांच्या प्रमुखाचा मुलगा सुप्पारक हा जहाजें नेण्यांत इतका निष्णात होता कीं त्याच्या हातीं असलेल्या नावेस कधीं अपघात झाला नाहीं. पुढें खाऱ्या पाण्याच्या माऱ्यानें त्याचे दोन्ही डोळे गेले. आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेंत हाच पुरुष 'सुपारग' या नांवानें येतो, आणि तो ज्या बंदरीं राहत असे त्यालाहि तेंच नांव असून तेंच हल्लींचें शूर्पारक, असें आर्यशूर सांगतो. शूर्पारक म्हणजे आपलें सोपारा. सुपारग याचा अर्थच सुखानें पैलतीरास नेणारा. नांवावरून कथा झाली कीं कथेवरून नांव, हा वाद भाषापंडितांवर सोपवितों.

सातशें व्यापारी या आंधळ्या माणसास आपल्या जहाजाचा कप्तान व्हावयास विनवितात. नाव निघते, वादळांत सांपडते, आणि चार महिने अनोळखी समुद्रांत भरकटते. प्रत्येक समुद्र पाहून व्यापारी भयानें विचारतात, हा कोणता? डोळे त्यांचे, ज्ञान त्याचें. एके ठिकाणीं वस्तऱ्यासारख्या नाकाचे प्राणी पाण्यांत बुड्या मारीत आहेत. तो म्हणतो, हा खुरमाल. पुढें पाणी आगीसारखें दिसतें: अग्गिमाल. मग दह्यासारखें: दधिमाल. मग हिरव्या दर्भासारखें, मग बोरूच्या वनासारखें. प्रत्येक समुद्राच्या तळाशीं एकेक रत्न आहे हें तो जाणतो. पण बोलत नाहीं. हे लोक हांवरटपणानें नाव भरतील आणि बुडवितील हें त्यास ठाऊक आहे. म्हणून तो निमित्त करून जाळें सोडवितो, बेतानें रत्नें वर घेतो आणि हलका माल टाकून देतो. शाळामास्तराच्या दृष्टीनें हा कथेंतील सर्वांत सुंदर भाग आहे.

शेवटीं येतो वलभामुख, संस्कृतांतील वडवामुख: पाणी भोंवतालीं भिंतीसारखें उभें राहून मध्यें अथांग खड्डा पडतो, असा समुद्र. येथून नाव परत जात नाहीं. सातशें माणसें एकाच वेळीं किंचाळतात. आंधळा कप्तान सुवासिक पाण्यानें स्नान करून, शुद्ध वस्त्रें नेसून, पाण्यानें भरलेलें पात्र हातीं घेऊन नाळेवर उभा राहतो आणि सत्याची शपथ घेतो. काय शपथ? मला समज आल्यापासून मीं जाणूनबुजून एकाहि प्राण्याची हिंसा केल्याचें आठवत नाहीं. हें खरें असेल तर ही नाव सुखरूप परत फिरो. चार महिने भरकटलेली नाव एका दिवसांत भडोचेस येते.

आतां दोन्ही कप्तान समोरासमोर उभे करा. एकाचा पाय समुद्रानें नेला, दुसऱ्याचे डोळे. दोघांचीहि माणसें त्यांच्या शब्दावर प्राण सोंपवून बसलेलीं. एकानें नेलेल्या पायाचा सूड एका प्राण्यावर घेण्यासाठीं जहाज भोंवऱ्यांत घातलें. दुसऱ्यानें तेंच जहाज भोंवऱ्याच्या तोंडून परत आणलें, आणि त्याच्याजवळ देण्यासारखें नाणें एकच होतें कीं आपण कोणास मारलेलें नाहीं. मीं शिकविलेल्या क्रमिक पुस्तकांत सिंदबाद होता, सुप्पारक नव्हता. त्याच्या गांवापासून आगगाडीनें जेमतेम तासा-दीड तासाच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांस तो भेटूं नये, हें मला कधींच आवडलें नाहीं.

ही केवळ भिक्षूंनीं रचलेली नीतिकथा, असें कोणी म्हणेल. नीतिकथा खरीच, पण तिच्याखालीं जमीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एक निनांवी ग्रीक व्यापारी भडोचनंतरचीं बंदरें सांगतांना सोपारा आणि कल्याण यांचीं नांवें लागोपाठ घेतो; कल्याणच्या बंदरांत अडथळे आल्यामुळें तेथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस नेतात, अशी त्याची तक्रार आहे. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीस कल्याणच्या व सोपाऱ्याच्या दात्यांचे लेख आहेत, आणि तेथील एका लेण्यांत संकटांतून सोडविणाऱ्या अवलोकितेश्वराच्या शेजारीं बुडत्या जहाजाचें दृश्य कोरलेलें आहे. ज्यांच्या पैशानें लेणीं झालीं त्यांस भय कशाचें होतें हें त्यावरून कळतें. सातवाहनांच्या कांहीं नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचें जहाज आहे. जातकांतील समुद्र नकाशावर अमुक आखात, तमुक आखात म्हणून दाखविण्याचा खटाटोप कांहीं विद्वानांनीं केला आहे. मला त्यांत फारसें स्वारस्य वाटत नाहीं. फसफसणाऱ्या, रात्रीं चमकणाऱ्या, रंग बदलणाऱ्या पाण्याची ओळख खलाशास असते, एवढें पुरे.

१८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आंत दगडी पेटी, तींत एकांत एक बसविलेले करंडक, सोन्याचीं फुलें, मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे आणि लहान ओतीव बुद्धमूर्ति निघाल्या. त्याच वर्षीं तेथें अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. अशोकाचे चौदा लेख. त्यांतला हा आठवाच कां सांपडावा, हा निवळ योगायोग. पण त्या आठव्या लेखांत काय आहे? पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत आणि त्यांत मृगया व तसल्या करमणुकी चालत. आपण मात्र त्याऐवजीं धर्मयात्रा सुरू केली, असें अशोक सांगतो. शिकारीची सफर सोडल्याचा हा दगड ज्या बंदरांत उभा होता, तेथलाच कप्तान पुढें कथेंत ती शपथ घेतो. दगडाचा कथेशीं संबंध होता असें मी म्हणत नाहीं. दोन्ही एकाच गांवचे, इतकेंच.

येथें कोणी विचारील, आपल्या लोकांनीं खरा देवमासा पाहिला तरी होता काय? कालिदासानें पाहिला असावा, किंवा पाहणाऱ्याकडून नीट ऐकला असावा. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमानांतून राम सीतेस समुद्र दाखवितो. नदीच्या मुखाशीं तिमि मासे जीवजंतूंसह पाणी तोंडांत घेतात, जबडे मिटतात आणि डोक्यावरील छिद्रांतून पाण्याच्या धारा वर उडवितात, असें वर्णन तेथें आहे. मेल्व्हिलनें त्या कारंज्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें. वर उडतें तें पाणी कीं वाफ, याचा त्यास निर्णय करवेना. आज आपणांस ठाऊक आहे कीं तो श्वास असतो आणि देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे. मेल्व्हिलचा इश्माएल मात्र तो मासाच असें बजावून सांगतो, आणि आपली मराठीहि त्यास मासाच म्हणते. त्यापुढें 'देव' हा शब्द कोणत्या कोळ्यानें प्रथम लावला कोण जाणे. मोठेपणामुळें लावला असेल, भीतीनें असेल, किंवा ज्यावर जाळें टाकावयाचें नाहीं तो देवाचा, या अर्थानेंहि असेल.

या देवाचा बाजार मात्र आमच्याकडे भरतो. तेलाच्या देवमाशाच्या आंतड्यांत तयार होणारा अंबर हा पदार्थ अत्तरवाले सोन्याच्या मोलानें घेत; मेल्व्हिलनें त्यावरहि एक मिस्किल प्रकरण लिहिलें आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याचा व्यापार बंद आहे, तरी 'व्हेल माशाची उलटी' विकूं पाहणारे ठाणें-कल्याणकडे पकडले गेल्याच्या वार्ता अधून मधून वृत्तपत्रांत वाचावयास मिळतात. मोबी डिकच्या जातीचा एवढाच अंश आतां आमच्या खाडीपर्यंत येतो.

जिवंत देवमासा कोंकणास क्वचित् लागतो. २०१५ च्या जूनमध्यें रेवदंड्यास एक निळा देवमासा वाळूवर आला व मेला. २०२३ च्या नोव्हेंबरांत गणपतिपुळें येथें देवमाशाचें एक पिल्लूं किनाऱ्यास लागलें. गांवकरी, अधिकारी, पशुवैद्य आणि सुटींत देवदर्शनास आलेले यात्रेकरू यांची गर्दी झाली. लोकांनीं त्याच्या अंगावर पाणी घातलें, भरतीची वाट पाहिली, आणि मोठ्या खटपटीनें दोर बांधून त्यास बोटीनें खोल पाण्याकडे ओढीत नेलें. तें जगलें नाहीं. पण त्या खटपटींत किनाऱ्यावरचीं माणसें एक रात्र झोंपलीं नाहींत.